उन्हातले सेल

आमच्या मास्तरांनी एकदा क्लारनेटवर एसटीचा हॉर्न वाजवला, तर ओतूरच्या स्टँडावर निम्मी माणसं पिशव्या उचलून पळाली व्हती. एक म्हातारी तर गाडी कुठं लपवली म्हणून कंट्रोलरशी भांडाय लागली. तवापासून स्टँडात वाजवायला बंदी.

मास्तर म्हंजे माझं मालक, सोपान बँडवाले. सगळा गाव मास्तर म्हणतो म्हणून मी पण मास्तरच म्हणते. तोंडावर मात्र 'अहो'. एकदा ऐकलं की या माणसाच्या बोटात उतरायचं. कोकीळ वाजवायचे, पिठाची गिरणी वाजवायचे, माझ्या आईचं खोकणं वाजवायचे. आईचं खोकणं वाजवलं त्या दिवशी मी त्यांना जेवाय वाढलं न्हाई.

त्यांचा कायदा एकच. "जसंच्या तसं! आपली अक्कल मधी घालायची न्हाई. लोकांनी टीव्हीवर जे ऐकलं, तेच त्यांच्या दारात वाजलं पायजे."

आमचं सगळंच बघून केलेलं. क्लारनेटची एक चावी तुटली तर मास्तरांनी चमच्याचा दांडा कापून, घासून, दुसरीसारखी वाकवून बसवली. पोरांचे कोट मी शिवले, एका कॅलेंडरावर पोलीस बँडचं चित्र व्हतं ते भिंतीला टांगून. चित्रात कोटाची पाठ दिसत न्हाई. म्हणून पाठीमागं मी माझ्या मनानं चुण्या घातल्या. ढोलवाला संपत म्हणायचा, "वयनी, म्होरून पोलीस आन् मागनं परकर झालाय." दात काढत म्हणायचा आन् वर्षानुवर्षं त्योच कोट घालायचा.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. जयंतीची मिरवणूक झोकात झाली. मास्तर सहा तास वाजवत व्हते, व्हट सुजले. आन् दुसऱ्याच दिवशी गावातला विजेचा डीपी जळाला. जळंल न्हाई तर काय? जो उठतो त्यो तारेवर आकडा टाकतो. नवा डीपी यायला महिना जाणार म्हणले. मोटारी बंद, गिरणी बंद, टीव्ही बंद. रानात कांदा काढणी चाललेली. सकाळी मी काढणीला जायची, बँडची पोरं पण जायची, दुपारी हाताचा कांद्याचा वास जात न्हाई तवर विहाराच्या सावलीत वाद्यं घेऊन बसायची.

त्यात लगीनसराई. आन् त्या सराईत नारायणगावच्या भरतनं कीबोर्ड आणला. पेटी येवढीच, पण बटण दाबलं की ढोल वाजतोय, बटण दाबलं की सनई. दहा माणसांचं काम एकटा करायचा, वर काळा चष्मा. आमच्या ठरलेल्या दोन सुपाऱ्या हातच्या गेल्या. मास्तर ओसरीत क्लारनेट पुसत बसले आन् सरळ म्हणले, "जानका, ही सराई अशीच गेली तर वाद्यं विकून टाकतो. टमाट्याच्या मार्केटात क्रेट उचलाय माणसं लागत्यात."

मी या माणसाला बघायच्या आदी ऐकलं व्हतं. बहिणीच्या लग्नात मांडवामागं भाकरी थापत व्हते, चेहरा दिसत नव्हता, नुसतं क्लारनेट ऐकू येत व्हतं. त्यावर मी हो म्हणले. आता क्रेट उचलणारा सोपान मला नको व्हता. कदीच नको व्हता.

तेवढ्यात आणे गावचे कुशाबा आले, एम-एट्टीवर, टोपीभर धूळ घेऊन. त्यांच्या वृषालीचं लगीन. पठारावरचं मोठं घर, कुशाबांच्या दारात जो वाजवंल त्याला पठारावरच्या सगळ्या तारखा मिळणार, हे पोराटोरांना ठावं.

"मास्तर, मला बँडच पायजे," कुशाबा पाणी पिऊन म्हणले. "माझ्या लग्नात तुमच्या वडलांनी वाजवलं व्हतं. पण नवरदेवाचे मामा हायत ना, सावळेराम, मंचरचे, ते आडून बसलेत. म्हणत्यात, परण्यात ते नवीन छत्रीचं गाणं वाजलं पायजे. न्हाई तर आमी आमचा कीबोर्ड आणतो."

"कंचं छत्रीचं?"

"मला काय ठावं! पिच्चरमधी ती बाई छत्री घेऊन नाचती म्हणं."

परण्या म्हंजे लग्नाआदी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो ती मिरवणूक. सगळं नाचणं तिथंच. परण्या पडला की बँड पडला. मास्तर म्हणले, "जसंच्या तसं वाजंल. तुमी काळजी करू नका."

पण गाणं ऐकायचं कुठं? गावात लाइट न्हाई. मास्तरांनी पुण्याला कपिलला, आमच्या थोरल्याला, निरोप धाडला. चौथ्या दिवशी एसटीच्या डायव्हरकडं कॅसेट आली, संगं चिठ्ठी: "आण्णा, सगळीकडं हेच चालू हाय. मित्राच्या कॅसेटवरनं दुसऱ्या कॅसेटीत उतरवलंय, आवाज जरा बसलाय. पोरं या गाण्यावर येडी व्हत्यात."

आता माझं पाप सांगते.

मास्तरांनी मला बाजाराच्या दिवशी टेपचे नवे सेल आणाय धाडलं व्हतं. मी ओतूरच्या बाजारात गेले. सेलाच्या दुकानाशेजारी जरीच्या फितीचं दुकान. पिवळीधमक फीत, बोटभर रुंद. आमच्या कोटांची फीत उसवून नुसते दोरे लोंबत व्हते, आन् त्यो भरत काळा चष्मा लावून हिंडतोय. माझं मन फिरलं. घेतली फीत. सेलाचं काय, घरात जुने आठ पडलेत, पत्र्यावर उन्हात ठेवले की जीव धरत्यात. बॅटरीला आमी तसंच करतो, सगळा गाव करतो. चार टेपमधी घालायचे, चार उन्हात तापवायचे. दुपारी अदलाबदल. मास्तरांना म्हणले, "आणले सेल." झालं.

पहिल्यांदा टेप लावली तवा सगळे गोल बसले व्हते. बटण दाबलं. आतनं गाणं निघालं ते आसं, चिखलातनं म्हैस निघावी तसं. बाईचा आवाज म्हणावा तर जाड, बाप्याचा म्हणावा तर रडका.

गेणभाऊ मोठा बाजा वाजवायचे, वयानं सगळ्यांत थोर. ते म्हणले, "मास्तर, ह्याच्यावर पोरं नाचत्यात?"

"चिठ्ठीत तसं लिव्हलंय."

"कशी नाचत असत्याल?"

संपत उठला. डोक्यावर रिकामी पाटी छत्रीवाणी धरली आन् एक पाय उचलून आसा काय लांबवला, की खाली ठेवायच्या आत गेणभाऊंनी तंबाखू मळून घेतली. सगळी पोरं हसून आडवी झाली.

मास्तर हसले न्हाईत. "हसू नका. पुण्याकडं नवीन पद्धत आली आसंल, हळू नाचायची. आपल्याला काय करायचंय? जसंच्या तसं."

आन् बसवाय घेतलं की ओ त्यांनी! एकेक ओळ कानात घालून, बोटावर आणून, पोरांच्या तोंडात बसवून. गाण्याच्या मधोमध एके ठिकाणी आवाज घुटमळायचा. एकदम थांबायचा, आत ओढल्यासारखा व्हायचा, मंग पुढं चालायचा. संपत म्हणला, "मास्तर, हितं कॅसेट अडकलीय."

"गप. बाईनं हुंदका घेतलाय. जागा हाय ती."

मंग त्यो हुंदका बसवला. आठ माणसांनी एकदम थांबायचं, एकदम श्वास आत घ्यायचा, आन् एकदम सुटायचं. दोन दिवस त्याच्यातच गेले. गेणभाऊंचा दम पुरंना, त्यांना खोकला लागायचा.

इकडं माझे सेल. रोज उन्हात टाकते, रोज चटका बसंस्तवर तापवते, पण जीव तो किती धरणार? टेप रोज जराजरा मंद. आज वाजलं त्यापरीस उद्या हळू. आन् मास्तर काय म्हणावेत! "आरं, काल आपण घाई केली. आज नीट ऐकू येतंय. आजून सावकाश घ्या." पुन्हा सगळं सावकाश. परवा आजून सावकाश. अकराव्या दिवशी ते गाणं संपता संपंना. ऐकताना माझ्याच डोळ्यात पाणी यायचं. मी म्हणायची, काय गुणाचं गाणं हाय! माझ्या डोक्यात एकदा पण आलं न्हाई, की हे माझ्या पत्र्यावरनं चाललंय. मी काय टेपवाली हाय का? सेलानं टेप वाजती येवढं ठावं. कमी सेलानं कमी वाजती हे कुणी सांगितलं व्हतं?

लग्नाच्या दिवशी टेम्पोनं आण्याला निघालो. दोन कोटांची फीत लावायची ऱ्हायली व्हती म्हणून मला पण संगं घेतलं. घाटात टेम्पो हिसके देतोय आन् मी सुई चालवतीय, चार वेळा बोटात घुसली. वर पठारावर ऊन म्हंजे तापलेला तवा. पोरांनी कोट घातले तशी अंगातनं धारा लागल्या. पण फीत काय चमकत व्हती! कुशाबांच्या दारातली माणसं वळून वळून बघत व्हती. मला वाटलं, जिंकलं.

परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, पुढं मंचरची पोरं, शर्टाची बटणं उघडी, कमरेला रुमाल बांधून तयार. सावळेराम मामा हात वर करून वरडले, "व्हऊन जाऊ द्या मास्तर, छत्री!"

मास्तरांनी डोळे मिटले, मान हलवली आन् सुरू केलं.

पोरांनी पाय उचलले, ते वरच ऱ्हायले. एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली. बँड आपला गंभीर, एका जिवानं, एका तालात. हुंदक्याची जागा आली, आठ जणांनी एकदम श्वास घेतला, अशी सुरेख घेतली म्हणता! घोडं तेवढं थांबलं.

"आरं काय दहाव्याला आलोय का?" गर्दीतनं कुणीतरी वरडलं. झालं. हशा पिकला. एकानं मास्तरांच्या पायाशी रुपयाचं नाणं टाकलं आन् हात जोडून रडायचं सोंग केलं. सावळेराम मामांनी जीपचं दार उघडलं, टेपमधी कॅसेट घातली. "हे ऐका म्हणावं, हे!"

आन् जीपमधनं खरं गाणं निघालं. टणाटण, धावतपळत, बारीक चिमणीच्या आवाजाची बाई. पोरं धूळ उडवत नाचाय लागली.

मास्तर ऐकत उभे. तोंडावरचा रंग उतरलेला मी लांबून पाह्यला. त्यांनी क्लारनेट वर घेतलं, त्या चालीत वाजवाय बघितलं. पण बारा दिवस बोटांना सावकाश शिकवलेलं, ती पळंनात. संपत पुढं गेला, गेणभाऊ मागं ऱ्हायले, मधीच हुंदका आला आन् निम्मे थांबले, निम्मे चालूच. मंग मास्तरांनी हात खाली केला. जुनीच दोन गाणी वाजवून परण्या कसातरी मारुतीला नेला.

परतल्यावर कुशाबा जवळ आले. वरडले न्हाईत, ते वरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणले, "मास्तर, पंगत बसंल तवा जेवून घ्या आन् निघा. मामांनी भरतला बोलवणं धाडलंय."

पोरं पाण्याच्या टँकरच्या सावलीला बसली. मास्तर चाकाला टेकून क्लारनेटाकडं बघत व्हते. "माझा कान गेला, जानका," म्हणले. "जसंच्या तसं येत न्हाई आता मला."

मला ऱ्हावलं न्हाई. मी सगळं सांगितलं. सेल, पत्रा, फीत. सांगता सांगता रडाय आलं. "कान तुमचा न्हाई वो गेला. तुमी जसंच्या तसंच वाजवलं. टेपच मेलेली व्हती, मी मारली."

मास्तरांनी कोटाच्या बाहीवरची फीत अंगठ्यानं चाचपली. "ही त्याच पैशाची?"

"व्हय."

"पक्की बसवलीयस," म्हणले. आन् उठून पाणी प्याय गेले. मारलं असतं तर सोसलं असतं, पण हे सोसंना मला.

जेवून वाद्यं टेम्पोत चढवली. तवर पाठवणीची वेळ झाली व्हती. भरत चष्मा लावून हजर, कीबोर्ड जीपच्या बॉनेटवर. वृषाली आईच्या गळ्यात पडून रडतीय, बाया डोळे पुसत्यात, आन् याच्या पेटीतनं काय निघावं, तर तेच छत्रीचं, टणाटण! मंचरच्या पोरांनी शिट्टी मारली.

"बंद कर रं ती पेटी!" कुशाबांची आई, सरूबाई, काठी टेकत मधी आली. वाळून कोळ झालेली म्हातारी, पण आवाज खणखणीत. "पोर जीव तोडून रडतीय आन् तुझं हे काय? बंद कर म्हणते ना!"

भरतनं दोन-चार बटणं दाबली, पण जे निघालं ते नाचायचंच निघालं. त्यानं पेटी बंद केली.

म्हातारीनं इकडंतिकडं पाह्यलं. "सकाळचे ते रडके कुठं गेले?"

आमचा टेम्पो निघायच्या बेतात. सरूबाई काठी हापटत आली आन् टेम्पोच्या पुढंच उभी ऱ्हायली. "मास्तर, खाली उतर. सकाळचं ते वाजव."

"आजी, ते चुकलेलं हाय," मास्तर खाली मान घालून म्हणले.

"आसू दे चुकलेलं. कुणी हसो न्हाईतर काय करो. सकाळपासनं माझ्या काळजात घुमतंय ते. नातीला नीट रडू दे माझ्या. वाजव!"

मास्तरांनी माझ्याकडं पाह्यलं. मी काय करणार? मी टेम्पोतनं क्लारनेट काढून त्यांच्या हातात दिलं.

वाजलं. पठारावर सांजचं वारं सुटलं व्हतं, मांडवाचं कापड फडफडत व्हतं, त्यात ते गाणं. सकाळी जे कुणालाच नको व्हतं ते आता पावलागणिक चाललं. वृषाली एक पाऊल टाकती, थांबती, मागं बघती. गाणं पण तसंच. आन् हुंदक्याची जागा आली. आठ माणसांनी एकदम श्वास आत घेतला. वृषाली उंबऱ्याकडं वळली आन् "बाबा" म्हणून आशी वरडली, की कुशाबा, येवढा मोठा गडी, खांबाला धरून रडला. बाया तर बायाच. पण सावळेराम मामा टोपी तोंडावर धरून रडले. सकाळी नाणं टाकलेलं पोरगं नाक पुसत व्हतं. जीप वेशीपर्यंत गेली तरी मास्तर वाजवत व्हते.

मागनं कुशाबा आले. मास्तरांचे दोन्ही हात धरले. म्हणले, "धाकटीच्या येळेला पण हेच."

त्या सराईत पठारावरच्या सगळ्या तारखा आमच्या झाल्या. परण्याला कुणाला बी बोलवा, पाठवणीला मात्र सोपान मास्तरच पायजेत. डीपी आला, लाइट आली, कपिलनं नवी टेप धाडली. मास्तरांनी खरं गाणं चांगलं ऐकून घेतलं आन् तेही बसवलं, पळतं. पण पाठवणीला ते दुसरंच. वाद्यं विकायचं पुन्हा नाव न्हाई. आन् सेलाचं पण न्हाई. त्या दिवसापासनं मास्तर त्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. ते न बोलणंच मला टोचायचं. मनात धरून बसलेत का काय, कळंना.

दुसऱ्या वर्षी चैतात आमी बेल्ह्याला नात्यातल्या लग्नाला गेलो व्हतो, पावणे म्हणून, बँड न्हाई. पाठवणीला कीबोर्ड व्हता. भरतच. आन् त्यानं काय वाजवावं! आमचं गाणं, तेच चिखलातलं, सावकाश. हुंदका आला तसा त्यानं हात उचलून पेटी गप केली आन् पुन्हा सुरू. बाया रडल्या.

मी म्हणले, "अहो, ह्यानं आपलं चोरलं की!"

मास्तर बोटावर ताल मोजत व्हते. "हुंदका लवकर सोडला," म्हणले. "बाकी जसंच्या तसं." आन् खूश झाले की ओ! गालात हसत व्हते.

भरतनं आमाला पाह्यलं. चष्मा काढून पळत आला, पाया पडला. "मास्तर, रागावू नका. लोक मागत्यात. चार लग्नांत मांडवामागं उभा राहून ऐकलंय तुमाला. पण एक सांगा, ही आशी चाल कुणाकडं शिकलात? कोण उस्ताद?"

मी मास्तरांच्या पाठीत बोट खुपसलं. गप बसा म्हणून. माझी सगळी लाज या माणसाच्या तोंडात व्हती.

मास्तरांनी मला हाताला धरून पुढं केलं. "ह्या आमच्या उस्ताद. सगळी चाल हिची. मी नुसती वाजवली."

भरत माझ्या पण पाया पडला. मी पदर तोंडात कोंबला. वर्षभर टोचत व्हतं ते निघून गेलं, आन् हसू येतंय का रडू तेच कळंना.

"वयनी, मला शिकवाल का?"

"अवघड हाय," मास्तर तोंड गंभीर करून म्हणले. "उन्हात बसावं लागतं."

"बसतो की! किती वेळ?"

"दुपारभर," मास्तर म्हणले. "पत्र्यावर."